पानगळ बघायला शिकवणाऱ्या काकूंना

आदरणीय काकू,

हे समोर बसून सांगितलं असतं तर तुम्ही हसून विषय बदलला असता, म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे. आता पळवाट नाही.

तुमच्याबरोबर झाडं बघायला येऊ लागले तेव्हा माझं मन कशातच लागत नव्हतं. देवापुढे बसलं की मागण्यांची यादी सुरू व्हायची आणि ती संपली की बोलायला काही उरायचं नाही. मी हे तुम्हाला सांगितलं नाही, तुम्हीही विचारलं नाहीत. उपदेश न करता सोबत करणं फार थोड्यांना जमतं.

मॅपल, बर्च, बीच सगळे रंगावर आले होते आणि मी फोन काढून फोटो घेत सुटले होते. तुम्ही मात्र बर्चचं एक पिवळं पान हातात घेऊन थांबलात. म्हणालात, हा पिवळा नवा नाही, उन्हाळाभर इथंच होता, हिरव्याखाली झाकलेला. मग तुमची वनस्पतिशास्त्राची शिकवणी सुरू झाली. उत्तर गोलार्धात 22-23 सप्टेंबरच्या विषुवदिनानंतर रात्र दिवसाहून मोठी होत जाते. दिवस आखडतात तसं झाड नवं हरितद्रव्य बनवणं आवरतं घेतं, असलेलं मोडतं, आणि मागं उरलेली कॅरोटिनॉइड रंगद्रव्यं उघडी पडतात.

लाल रंगाची गोष्ट निराळी. त्याचं रंगद्रव्य, अँथोसायनिन, बहुतेक झाडं शरदातच नव्यानं बनवतात, पानात साठलेल्या साखरेतून. दिवसा लख्ख ऊन आणि रात्री न गोठवणारा गारवा मिळाला की रंग गडद होतो. पण जायला निघालेल्या पानावर हा खर्च कशाला? कुणी म्हणतं, पानातली पोषकद्रव्यं परत नेईपर्यंत उन्हापासून आडोसा म्हणून. कुणी म्हणतं, किड्यांना इशारा म्हणून. शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही, हे तुम्ही इतक्या आनंदात सांगितलंत की मलाही हायसं वाटलं. सगळं कळल्याशिवाय नमस्कार करू नये, असा माझा काहीसा हट्ट होता. तो तिथंच सैल पडला.

शरद आला की 'झाडासारखं सोडून द्यायला शिका' असे सुविचार फिरू लागतात. मला ते पूर्वीही पटत नव्हते. तुम्ही दाखवलंत ते त्याहून कितीतरी काटेकोर होतं. घर सोडताना माणूस आधी कामाच्या वस्तू बांधून घेतो, तसं झाड पानातला साधारण निम्मा नायट्रोजन फांद्या-खोडात परत घेतं. देठाच्या बुडाशी पेशींचा एक नाजूक थर तयार होतो, त्याच्या आतल्या बाजूला बुचासारख्या पेशी जखम बंद करत आणतात, आणि मग वाऱ्याची एक झुळूक पुरते.

हॉर्स चेस्टनटची फांदी तुम्ही खाली ओढून धरलीत ते मला कायम आठवतं. गळलेल्या पानाची खूण घोड्याच्या नालासारखी, त्यात खिळ्यांसारखे ठिपके. पाणी आणि साखर ज्या नळ्यांतून ये-जा करायची त्यांच्या त्या खुणा. आणि बरोबर वर चिकट खवल्यांत गुंडाळलेली कळी. ही आत्ता आलेली नाही, तुम्ही म्हणालात, पान हिरवंगार होतं तेव्हाच घडली.

काकू, माझ्या आत काही हललं असेल तर त्या कळीपाशी. आपल्याला काही मिळालं तरच आभार मानायचे, असं मी धरून चालले होते. त्या फांदीकडून मला काहीच मिळालं नव्हतं. मी आहे याचीही तिला खबर नव्हती. पुढच्या वसंताची तयारी तिनं कुणी मागण्याआधीच करून ठेवली होती, आणि ती माझ्यासाठी नव्हती. तरीही हात जोडावेसे वाटले. मागण्याशिवायची माझी ती पहिली प्रार्थना असावी.

चमत्कार वगैरे झाला नाही. अजूनही काही दिवस कोरडे जातात. पण आता यादी संपल्यावर मी उठून जात नाही, बसून राहते. आणि बाहेर पडले की आधी वर बघते, मग खाली, कारण पडलेल्या पानांचं पुढं काय होतं तेही तुम्हीच दाखवलंत: बुरशी, गांडुळं, हळूहळू होणारी माती. डार्विननं म्हातारपणी गांडुळं पानं बिळात कोणत्या टोकानं ओढतात याच्या नोंदी ठेवल्या होत्या, हे ऐकून मी हसले होते. आता मीच वाकून बघते आणि लोक माझ्याकडे बघतात.

तुमचा वेळ, तुमचा संथ चालण्याचा वेग आणि तुम्ही न विचारलेले प्रश्न, या सगळ्याबद्दल मनापासून आभार. एक मात्र राहिलंय. ओकची आणि बीचची काही झाडं सुकलेली पानं वसंतापर्यंत फांदीवर धरून ठेवतात, ती का, हे पुढच्या वेळी सांगते म्हणाला होतात. सवड कधी आहे ते कळवा, मी येते.

तुमची,
मागं मागं येणारी विद्यार्थिनी