हॅलोविन : भीती खाऊची, धोका रस्त्याचा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला हॅलोविनवरचा, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी मुले भुताखेतांचे कपडे घालून दारोदार खाऊ गोळा करतात त्या अमेरिकेतल्या सणावरचा, लेख वाचला. वर्णन झकास आहे, पण सोबतच्या चौकटीत ‘अनोळखी घरातून मिळणाऱ्या चॉकलेटांत विष किंवा ब्लेड असू शकते’ हा इशारा पाहून राहवले नाही. इथे न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी ग्रुपवर हाच मजकूर दर ऑक्टोबरात येतो, बहुधा दिवाळीच्या शुभेच्छांच्याही आधी.

डेलावेअर विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी १९५८ पासूनच्या बातम्या धुंडाळल्या. दारोदार फिरून गोळा केलेल्या खाऊत परक्या माणसाने काही मिसळले आणि त्यामुळे मूल दगावले किंवा गंभीर जखमी झाले, असे एकही सिद्ध झालेले प्रकरण त्यांना मिळाले नाही. १९७४ साली टेक्सासमध्ये आठ वर्षांचा मुलगा सायनाइड घातलेल्या गोड पावडरीने गेला, हे खरे. पण ती त्याला दिली होती रोनाल्ड ओब्रायन या त्याच्या जन्मदात्यानेच, विम्याच्या पैशांसाठी. बापाला १९८४ मध्ये मृत्युदंड झाला. अफवेत मात्र बाप गळाला आणि शेजारी उरला.

मुले मरतात ती गाड्यांखाली. कॅनडातल्या संशोधकांनी अमेरिकेतल्या १९७५ ते २०१६ या ४२ वर्षांच्या अपघातांच्या नोंदी तपासल्या. त्यांची पद्धत मला, आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलेल्या माणसाला, फार आवडली. ३१ ऑक्टोबरची संध्याकाळी पाच ते मध्यरात्र ही वेळ घ्यायची आणि बरोबर एक आठवडा आधीच्या व एक आठवडा नंतरच्या त्याच वेळेशी ताडून पाहायची. वार तोच, ऋतू तोच. हॅलोविनच्या ४२ संध्याकाळी ६०८ पादचारी मेले, तुलनेच्या ८४ संध्याकाळी ८५१. दुसरा आकडा निम्मा केला की सव्वाचारशे. म्हणजे हॅलोविनला ४३ टक्के जास्त. चार ते आठ वर्षांच्या मुलांत तर हॅलोविनच्या संध्याकाळचे मृत्यू तुलनेच्या संध्याकाळच्या सुमारे दहा पट निघाले. एवढ्या लहान गटात मृत्यूंची संख्या मुळात थोडी, त्यामुळे ‘दहा’ अगदी काट्यावर तोलू नये. शिवाय त्या रात्री पायी फिरणारेच जास्त असतात, तेव्हा प्रत्येक चालणाऱ्याचा धोका ४३ टक्क्यांनी वाढला असेही यातून निघत नाही. पण अंधार, काळे पोशाख, डोळ्यांवर सरकणारे मुखवटे आणि दोन उभ्या गाड्यांमधून अचानक धावत येणारी पोरे, हे सगळे एकाच संध्याकाळी जमते. विषाच्या रकान्यात शून्य असताना या रकान्याकडे कुणी बघत नाही.

हॅलोविनवरच्या खर्चाचा आकडाही जरा जपून. २०२३ सालचे १,२२० कोटी डॉलर ‘अमेरिकनांनी उडवले’ असे आपण छापले आहे. हा नॅशनल रिटेल फेडरेशन या तिथल्या किरकोळ विक्रेत्यांच्या संघटनेचा अंदाज आहे, सप्टेंबरात लोकांना ‘किती खर्च करणार?’ असे विचारून काढलेला. दुकानांच्या गल्ल्यातली ती मोजदाद नव्हे.

पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांतही आता पोरे भुतांचे कपडे घालून फिरतात. पुढच्या वर्षी चौकट टाकणार असाल, तर विषाऐवजी एवढेच छापा : पोशाखावर चमकणारी पट्टी चिकटवा, मुखवट्याऐवजी चेहरा रंगवा आणि त्या संध्याकाळी सोसायटीच्या आत गाड्या फिरवू नका.

आपला,
एक जुना वर्गणीदार
(सध्या मुक्काम एडिसन, न्यू जर्सी)