आत्याच्या दिवाळीआधी करायची कामे

पुणे
घटस्थापना

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आत्याने दिवाळीला यायचे कबूल केले हे सांगताना बाबांच्या आवाजातला आनंद लपत नव्हता. अपघाताने चाकाच्या खुर्चीवर आल्यानंतर ती प्रथमच कोल्हापूरला माहेरी येते आहे, पाच-सहा दिवस राहणार आहे आणि भाऊबीज करूनच नाशिकला परतणार आहे. मापे आणि कामे फोनवर सांगून लक्षात राहत नाहीत, म्हणून हे सविस्तर पत्र लिहिते आहे. बाबांनी ते चष्मा लावून आणि टेप हाताशी ठेवून वाचावे.

बाबा फोनवर म्हणाले, "तालमीतली चार पोरं बोलावतो, खुर्चीसकट अलगद आत आणतील." पोरे येतील याबद्दल मला शंका नाही, आपल्या पेठेत हाक मारली की चाराच्या जागी दहा येतात. तरीही हा बेत तुम्ही सोडून द्यावा, अशी माझी विनंती आहे. गेल्या वर्षी नात्यातल्या एका लग्नात आत्याला असेच उचलून कार्यालयाच्या पायऱ्या चढवल्या, तेव्हा मी शेजारी उभी होते. खुर्चीचे हात काढता-घालता येणारे असतात, हे उचलणाऱ्यांपैकी एकाला ठाऊक नव्हते. त्याने हातालाच धरून जोर लावला, तो हात खाचेतून निघून त्याच्या मुठीत आला आणि खुर्ची एका बाजूला कलली. आत्या पडली नाही, वर हसलीसुद्धा. पण तिने दुसऱ्या बाजूचा पाइप इतका घट्ट धरला होता की वर पोहोचल्यावरही तिची बोटे लवकर सैल झाली नाहीत. त्या दिवशी ती जेवली जेमतेम, आणि पाणी तर प्यायलीच नाही.

पाण्याची ही गोष्ट मला नंतर नाशिकला तिच्याकडे राहिले तेव्हा नीट कळली. परक्या घरी किंवा समारंभाला जायचे असले की ती सकाळपासून पाणी तोडते, कारण तिथल्या संडासात आपली खुर्ची जाणार नाही हे तिने गृहीतच धरलेले असते. मणक्याला इजा झालेल्या माणसाला लघवीचा संसर्ग मुळातच लवकर होतो आणि पाणी कमी पडले की तो धोका वाढतो, तरीही ती हेच करते. आपण सगळे ती दारातून आत कशी येईल याचाच विचार करतो आहोत. पण आत येणे एकदाच आहे आणि न्हाणीघरात जाणे रोज अनेकदा आहे. माहेरी राहून तिला तांब्याभर पाणी निर्धास्तपणे पिता आले पाहिजे. म्हणून कामाचा क्रम मी न्हाणीघरापासून लावला आहे.

तिच्या खुर्चीची रुंदी, चाकाला बाहेरून लावलेल्या हाताने फिरवायच्या एका कड्यापासून दुसऱ्या बाजूच्या कड्यापर्यंत, २५ इंच आहे, हे मी तिच्याच टेपने मोजले. चाक ढकलणाऱ्या हातांना दोन्ही बाजूंना जागा लागते, नाहीतर बोटांची पेरे चौकटीवर सोलवटून निघतात. आपल्या न्हाणीघराची चौकट आतून २६ इंच आहे आणि दार आत उघडत असल्यामुळे फळीच्या जाडीने त्यातलाही सव्वा इंच जातो. चौकट फोडून रुंद करायची तर ९ इंची भिंत तोडून वर नवा लिंटेल, म्हणजे भिंतीचा भार पेलणारी आडवी तुळई, टाकावा लागेल. दिवाळीच्या तोंडावर तो पसारा नको. त्याऐवजी आत्या नाशिकला वापरते तशी चाकांची कमोड खुर्ची मी इथून पाठवते आहे. ती २१ इंच रुंद आहे. आत्या पलंगावरून तिच्यावर बसेल, त्याच खुर्चीवरून न्हाणीघरात जाईल, ती कमोडवर सरकवून घेईल आणि आंघोळही तिच्यावरच करेल. आजीसाठी बसवलेला कमोड जमिनीपासून किती उंच आहे, ते मात्र झाकण वर करून नेमके मोजून कळवावे. या खुर्चीची आडवी पट्टी खालून १७ इंचांवर आहे. कमोड त्याहून दोन सूत जरी उंच निघाला तरी ती अडेल.

दार बाहेर उघडेल असे सुताराकडून फिरवून घ्यावे. बिजागऱ्या अशा बसवाव्यात की फळी पूर्ण मागे जाऊन भिंतीला टेकेल, म्हणजे सगळे २६ इंच मिळतील. यात आणखी एक फायदा आहे: आत कोणी पडले तर आत उघडणारे दार त्या माणसाच्याच अंगाने अडते आणि बाहेरच्याला ते ढकलता येत नाही. आईने गुडघे धरून तिथून उठताना मी पाहिले आहे, त्यामुळे हा बदल आत्या गेल्यावरही तसाच राहू द्यावा. कडी खाली, तीन फुटांवर लावावी.

न्हाणीघराची फरशी बाहेरच्यापेक्षा ३ इंच खाली आहे. बाबांना हे किरकोळ वाटेल, परंतु अशा खुर्चीची पुढची चाके लहान असतात आणि इंचभर कड आली तरी ती जागच्या जागी थांबतात, मग मागून ढकलणाऱ्याच्या जोराने बसलेले माणूस पुढे फेकले जाते. गवंड्याकडून आतल्या बाजूला तीन फूट लांब सिमेंटचा उतार करून घ्यावा. पाणी जायची मोरी पलीकडच्या कोपऱ्यात असल्यामुळे निचऱ्याला अडचण येणार नाही. फरशी शहाबादीच राहू द्यावी, गुळगुळीत टाइल लावायचा मोह नको.

कमोडशेजारच्या आधाराच्या दांडीचे काम बाबांच्या आवडीचे आहे. दीड इंची पाइप, भिंतीपासून दोन इंच सुटा, बैठकीपेक्षा आठ इंच वर आणि आडवा. दुकानात मिळणाऱ्या टॉवेलच्या दांड्या माणसाचे वजन पेलत नाहीत आणि आपल्या जुन्या भिंतीचा गिलावा स्क्रूचा प्लग धरून ठेवणार नाही. तेव्हा उद्यमनगरातल्या तुमच्या जुन्या मित्राकडून पाइप वाकवून घ्यावा, भिंतीतून आरपार बोल्ट काढावेत आणि मागच्या बाजूला लोखंडी पट्टी देऊन आवळावेत. बसवल्यावर बाबांनी स्वतः तिला लोंबकळून पाहावे आणि मगच ती पास करावी.

आता दारापुढचा उतार. स्कूटर चढवायला केली आहे तशी सहा फुटी फळी बाबांच्या मनात असेल, हे मला माहीत आहे. तीन पायऱ्यांची उंची १८ इंच आणि त्यावर उंबरा २ इंच, असे २० इंच चढायचे आहेत. ते सहा फुटांत चढवले तर खुर्ची मागे उलटेल. केंद्र सरकारच्या २०२१ च्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत १ इंच चढाला १२ इंच लांबी असे प्रमाण दिले आहे, म्हणजे आपल्याला २० फूट लांब उतार हवा आणि वर, दारापुढे, ५ बाय ५ फुटांची सपाट जागा हवी. हे आकडे ऐकून घाबरू नये. अंगणात घराच्या भिंतीला लागून सलग ३० फूट मिळतात. शेवंतीच्या कुंड्या आणि स्कूटर हलवली की २५ फुटांचे बांधकाम बसते आणि उरलेल्या ५ फुटांत खाली खुर्ची वळते. जुन्या पायऱ्या सपाट जागेच्या पुढे पुन्हा बांधून घ्याव्यात, म्हणजे चालणाऱ्यांची वाटही मोडणार नाही. सपाट जागा उंबऱ्याच्या माथ्याबरोबर आणली की उंबऱ्याला हात लावावा लागत नाही. आई, तुझे हळदी-कुंकू जिथे आहे तिथेच राहील. फक्त त्या जागेला बाहेरच्या बाजूला किंचित ढाळ द्यायला सांगावे, नाहीतर पावसाचे पाणी सोप्यात येईल. उंबऱ्याच्या आतल्या बाजूला सुताराने दोन इंचांवरून शून्यावर येणारी, दोन फूट लांब लाकडी पाचर करून द्यावी. ती हवी तेव्हा उचलून ठेवता येईल.

उतार चार फूट रुंद ठेवावा आणि मोकळ्या कडेला तीन-चार इंचांची कट्टी व कठडा घ्यावा, म्हणजे चाक घसरून खाली जाणार नाही. लोखंडी पत्र्याचा उतार लवकर होतो खरा, परंतु ओला झाला की पाय आणि चाक दोन्ही सटकतात, आणि आपल्याकडे दिवाळीतही पाऊस येऊन जातो. सिमेंटचाच करावा, आणि कोबा ओला असताना त्यावर खराट्याने आडव्या रेघा ओढून घ्याव्यात. गवंडी घोटून चकचकीत करू पाहील, कारण त्याला ते चांगले काम वाटते. बाबांनी त्या वेळी तिथून हलू नये. नंतर निदान सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारावे लागेल, म्हणून दसरा झाला की लगेच काम सुरू व्हावे.

मागच्या गल्लीतल्या दाराला एकच पायरी आहे आणि तिथे सात फुटांत काम भागेल, हा विचार माझ्याही मनात आला होता. मी आत्याला तसे विचारले. ती म्हणाली, "मागल्या दारानं नेणार असशील तर मी गाडीतनंच भावाला ओवाळते आणि तशीच परत जाते." तेव्हा तो प्रश्न निकालात निघाला.

एक सुचवते. आपल्याच कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी स्वतः चाकाच्या खुर्चीवर असताना १९८४ साली हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड ही संस्था उभी केली. बाबांनी उचगावला त्यांच्या वसतिगृहात आधी फोन करून एक फेरी मारावी, आणि उतार, दारे व न्हाणीघरे डोळ्यांनी पाहून यावीत. माझ्या पत्रापेक्षा त्यातून गवंड्याला समजावणे सोपे जाईल.

झोपण्यासाठी तिला माजघरातला सागवानी पलंग देऊ नये. तो गादीसकट २४ इंच आहे, आणि हातांच्या जोरावर चार-पाच इंच वर चढणे तिच्या खांद्यांना झेपत नाही. सोप्याशेजारच्या खोलीतला दिवाण गादी घालून २० इंच होतो आणि तिच्या खुर्चीची बैठकही तेवढीच आहे. दिवाण भिंतीला लावून एका बाजूला पाच फूट मोकळे ठेवावे. मधली सतरंजी गुंडाळून माळ्यावर टाकावी. दिव्याचे बटण वर असल्याने उशाशी एक टेबललॅम्प ठेवावा. तिच्या खुर्चीवरची उशी साधी दिसली तरी शय्याव्रण, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमा, होऊ नयेत म्हणून मुद्दाम घेतलेली आहे. ती उन्हात टाकू नये आणि तिच्याऐवजी मऊ म्हणून दुसरी देऊ नये. ती मधूनमधून दोन्ही हातांवर स्वतःला उचलून धरते तेही त्याचसाठी, तेव्हा धावत जाऊन "काय हवं?" असे विचारू नये.

आई, पुढचे विशेषतः तुझ्यासाठी आहे. आत्याला कमरेखाली गरम-गार काही कळत नाही. अभ्यंगस्नानाला तू बंब पेटवणारच, पण बादलीत आधी गार पाणी, मग कढत, आणि आपले कोपर घालून पाहिल्याशिवाय तिच्या पायांवर एक तांब्याही ओतू नये. तिला भाजले तरी ती ओरडणार नाही, कारण तिला ते समजणारच नाही. तेल-उटणे ती कमोड खुर्चीवर बसून ब्रेक लावल्यानंतरच लावावे. पलंगावर तेल लावले तर हात निसटतात आणि उतरताना घात होतो. परत पलंगावर जाण्याआधी तळहात आणि पाय कोरडे पुसून द्यावेत. बादली जमिनीवर न ठेवता चौरंगावर ठेवावी, म्हणजे तिला वाकावे लागणार नाही. ती दर चार-सहा तासांनी नळी घालून लघवी करते आणि ते स्वतःच करते. तिला फक्त कडी लागणारे दार, हात धुवायला साबण-पाणी आणि झाकणाची कचऱ्याची बादली लागते. आल्यागेल्यांसमोर त्याचा विषय निघणार नाही, एवढे तू पाहशीलच.

करंज्या तिला स्वतः लाटायच्या आहेत. ओटा तिला उंच पडतो, तेव्हा माझे जुने अभ्यासाचे टेबल स्वयंपाकघरात आणावे. त्याला खाली खण नाही, त्यामुळे गुडघे आत जातात. त्या दिवसांत जेवायला पंगत मांडू नये, सगळ्यांनीच टेबल-खुर्चीवर बसावे.

भाऊबीजेला बाबा पाटावर बसले तर आत्याचा हात त्यांच्या कपाळापर्यंत पोहोचणार नाही आणि निरांजनाचे ताट हातात घेऊन तिला पुढे वाकवणारही नाही, कारण तिचा तोल कमरेतून सावरत नाही. पाट भिंतीशी ठेवून रांगोळी खुर्चीभोवती काढावी आणि बाबांनी तिच्यासमोर खुर्चीवर बसावे. ताटासाठी तिच्या उजव्या हाताशी एक स्टूल असू द्यावे.

खर्चासाठी रक्कम बाबांच्या खात्यावर पाठवली आहे; पेन्शनला हात लावू नये. कमोडची उंची, माजघराच्या दाराची मोकळी रुंदी आणि फाटकाच्या दोन्ही फळ्या उघडल्यावर मिळणारी जागा, ही तीन मापे या आठवड्यात कळवावीत, म्हणजे मी सुताराशी आणि गवंड्याशी फोनवर बोलून घेईन. मी स्वतः वसुबारसेच्या आदल्या दिवशी पोहोचते आहे.

तुमची लेक