टेस्लाच्या टर्बाइनबद्दल थोडं

चि. मृणाल हिस,
अनेक आशीर्वाद.

निकोला टेस्ला या संशोधकाच्या टर्बाइनला, म्हणजे वाफेच्या जोरावर फिरणाऱ्या त्याच्या यंत्राला, जगानं दाबून टाकलं, असं तू फोनवर तावातावानं म्हणालीस. प्रोजेक्टच त्यावर घेतलाय, तेव्हा राग येणारच. पण साखर कारखान्याच्या पॉवर हाऊसमध्ये उभा जन्म काढलेल्या बापाचंही ऐक.

कल्पना देखणी आहे, वादच नाही. हंगाम संपल्यावर आम्ही आमच्या पात्यांच्या टर्बाइनचं केसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, उघडतो, तेव्हा शेवटच्या रांगेतल्या पात्यांच्या कडा ओल्या वाफेनं कुरतडलेल्या असतात. बोटाला करवतीसारख्या लागतात. टेस्लानं पातीच काढून टाकली. शाफ्टवर सपाट चकत्या, मध्ये जेमतेम फट. वाफ कडेनं शिरते, चकत्यांना ओढत गोल गोल आत जाते आणि मधल्या भोकांतून निसटते.

१९११ साली न्यूयॉर्कच्या वॉटरसाइड पॉवर स्टेशनमध्ये चाचण्या झाल्या. १८ इंची चकत्या, मिनिटाला ९००० फेरे, २०० हॉर्सपॉवर! मला आवडली ती मोजायची रीत. दोन टर्बाइन समोरासमोर, मध्ये स्प्रिंग. एकानं फिरवायचं, दुसऱ्यानं उलट वाफ घेऊन अडवायचं आणि स्प्रिंगला पडलेला पीळ वाचायचा. ही रीत तू तुझ्या मॉडेलला नक्की वापर.

मग अडलं कुठे? पुढे मिलवॉकीला अॅलिस-चाल्मर्स कंपनीनं मोठी यंत्रं चालवून पाहिली, तर चकत्या वाकल्या. त्या वेगाला टिकेल असा पत्रा तेव्हा नव्हता. शिवाय पात्यांची टर्बाइनं तोवर वीजघरांत रुळली होती. ती बदलायची तर नव्याचा फायदा डोळ्यांत भरायला हवा, तो भरला नाही. यात कट कुठला?

आता तुझ्या मॉडेलवर पेटंट घ्यायच्या विचाराचं. टेस्लानं ऑक्टोबर १९०९ मध्ये अर्ज केला, मे १९१३ मध्ये पेटंट मिळालं. पण कल्पना नवी आहे, एवढंच त्यावरून ठरलं. गिऱ्हाईक मिळेल असं नाही. त्याची मुदत कधीच संपली, त्यामुळे सपाट चकत्या आता कुणीही वापराव्यात, पण स्वतःच्या म्हणून नोंदवू नयेत. तुझ्या नोझलमध्ये, म्हणजे चकत्यांवर झोत सोडणाऱ्या तोटीत, खरंच काही नवं असेल, तर कॉलेजच्या प्रदर्शनाआधी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज टाक. एकदा चारचौघांत मांडलंस की नवेपणाचा दावा अडचणीत येतो. अर्ज टाकल्यावर पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात.

चकत्यांचा पत्रा किती जाडीचा घेतलास ते कळव. आणि कॉम्प्रेसरवर चालवताना गार्ड लावल्याशिवाय समोर उभी राहू नकोस, सरांनी सांगितलं तरी.

तुझा,
बाबा