फॉरवर्डच्या बटणाकडेही पाहा: केंद्रीय माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्री महोदय,
स.न.वि.वि.

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी, ऐन आठवडे बाजाराच्या दिवशी, जमावाने पाच जणांना ठार मारले. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची ही माणसे भिक्षा मागत गावोगाव फिरत. मुले पळवणारी टोळी आल्याचे मेसेज त्याआधी कित्येक दिवस मोबाइलवर फिरत होते. तुमच्या खात्याने त्याच आठवड्यात व्हॉट्सअॅपला पत्र लिहून जाब विचारला. महिना संपायच्या आत कंपनीने भारतासाठी दोन बदल जाहीर केले. एका वेळी पाचच चॅटना मेसेज पुढे पाठवता येईल, आणि फोटो-व्हिडिओशेजारचे झटपट फॉरवर्डचे बटण निघेल.

म्हणजे सरकारने जोर लावला तर बटणाची जागा बदलते. तोच धागा पुढे धरायला हवा होता.

या माध्यमांची घडण कंपन्या एकट्या ठरवत नाहीत. लोक आधी आपल्या सोयीने काहीतरी करू लागतात, कंपनी ते पाहते आणि त्याची सोय करून देते. ट्विटरवर हॅशटॅगची कल्पना २००७ मध्ये ख्रिस मेसिना या वापरकर्त्याने मांडली. त्याच वर्षी ऑक्टोबरात सॅन डिएगोजवळ वणवे पेटले, तेव्हा लोकांनी बातम्या एकमेकांना सापडाव्यात म्हणून तो वापरला. कंपनीने त्याला लिंकचे रूप दिले ते २००९ मध्ये. रीट्वीटचेही तसेच. आधी लोक दुसऱ्याचा मजकूर कॉपी करून, पुढे ‘आरटी’ आणि त्याचे नाव टंकून पाठवत. त्यात थोडा वेळ जायचा, आणि तेवढ्या वेळात पाठवावे की नको हा विचार व्हायचा. २००९ मध्ये बटण आले आणि तो वेळ गेला. ते बटण बनवणाऱ्या चमूचे प्रमुख ख्रिस वेदरेल यांनी दहा वर्षांनी त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली.

आपल्याकडचे ग्रुप आठवा. ‘आलेला मेसेज आहे, खात्री करून घ्या’ असे लोक स्वतःहून लिहीत. कंपनीने ‘फॉरवर्डेड’ची खूण आणली ती २०१८ मध्ये. ‘या ग्रुपवर कोणीही रिप्लाय करू नये’ असे शाळा आणि सोसायट्यांचे अॅडमिन विनवत असत. फक्त अॅडमिननेच लिहावे ही सेटिंगही त्याच वर्षी आली. माणसांची सवय आणि अॅपची रचना अशी एकमेकींना घडवत जातात. आज खूण टाळायची असेल तर मजकूर कॉपी करून नवा मेसेज म्हणून पाठवला की झाले. एकदा घातलेली मर्यादा म्हणूनच कायमची पुरत नाही.

सरकारचा भर मात्र दुसरीकडे गेला. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत मेसेज पहिल्यांदा पाठवणाऱ्याची ओळख सांगण्याची सक्ती आली आणि व्हॉट्सअॅप दिल्ली उच्च न्यायालयात गेले. या तरतुदीने सर्वांच्याच खासगी संभाषणाचे संरक्षण धोक्यात येते, असे मला वाटते. शिवाय त्याने हाती काय लागणार? २०१८ मध्ये मुले पळवण्याचा पुरावा म्हणून फिरलेला एक व्हिडिओ मुळात कराचीतल्या संस्थेने बालसुरक्षेच्या जागृतीसाठी केला होता. कोणीतरी त्याचा शेवट कापला, आणि पुढे तो हजारो भल्या माणसांनी, आपल्या नात्यातली मुले सुरक्षित राहावीत म्हणून, पाठवला. पहिला माणूस सापडेपर्यंत मारहाण होऊन गेलेली असते. मधल्या प्रत्येकाला क्षणभर थांबवणे मात्र रचनेला जमते. एप्रिल २०२० मध्ये, अनेकदा पुढे गेलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल असे ठरले, तेव्हा अशा मेसेजांचे प्रमाण जगभरात ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीनेच सांगितले. मेसेज न वाचता ही मोजणी होऊ शकते, हे त्यातून आपोआप सिद्ध झाले.

माझी मागणी त्या मोजणीची आहे. जगाचा एक आकडा आम्हाला पुरत नाही. फॉरवर्ड, ग्रुपचा आकार, चॅनेल, अॅप स्वतःहून दाखवते त्या शिफारशी यांत मोठा बदल करताना तो का केला आणि भारतात त्याचा काय परिणाम झाला, हे कंपन्यांनी राज्यवार जाहीर करावे, असा नियम करा. जिथे मजकूर सार्वजनिक आहे तिथे भाषावार आकडेही मागा, त्यात मराठीबरोबर अहिराणी आणि भिलीही असू द्या, कारण साक्रीच्या बाजारात लोक त्या भाषांत बोलतात. युरोपीय संघाने २०२२ च्या कायद्यात मोठ्या माध्यमांची माहिती संशोधकांना मिळण्याची वाट काढली आहे. आपल्या विद्यापीठांना ती का मिळू नये?

२०१८ चे पत्र पाच माणसे गेल्यावर निघाले. पुढचे पत्र कंपन्यांना आत्ता पाठवा, आणि त्यांचे उत्तर आम्हालाही वाचायला मिळू द्या.

कळावे,
आपला नम्र,
एक नागरिक