पाळी वेळेवर येते, तरी दिवस का राहत नाहीत

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर हे नीट बोलता येत नाही, फोन स्पीकरवर असतो आणि शेजारच्या काकू तिथंच बसलेल्या असतात, म्हणून लिहून पाठवतोय. बाबा, आईला सगळं वाचून दाखवा, अवघड वाटलं तरी मधलं काही गाळू नका.

आई, तू विचारलंस ना, हिची पाळी महिन्याच्या महिन्याला येते, बीज पण फुटतंय म्हणतात, मग अडलंय कुठं? प्रश्न बरोबर आहे, आम्हाला पण तोच पडला होता. डॉक्टर मॅडमनी सोनोग्राफीचा स्क्रीन आमच्याकडं वळवून बीज ज्यात वाढतं तो काळा गोल दाखवला, १९ मिलिमीटरचा, आणि दोन दिवसांनी परत बघितलं तर तो फुटून गेलेला. म्हणजे तिथपर्यंत सगळं ठीक आहे. पण बीज बाहेर पडलं की झालं असं नसतं. ते जेमतेम १२ ते २४ तास टिकतं, तेवढ्यात गर्भपिशवीच्या नळीनं ते उचलून घ्यायचं, नळीतच शुक्राणू त्याच्यापर्यंत पोचायचा, मग तयार झालेला गर्भ चार-पाच दिवसांनी पिशवीत उतरून अस्तरात रुजायचा. यातलं कुठलंही एक अडलं तरी पाळी मात्र वेळेवर येतच राहते. सगळं चांगलं असलेल्या तरुण जोडप्याला सुद्धा एका महिन्यात दिवस राहायची शक्यता २०-२५ टक्केच असते.

आता माझं ऐका. माझी पण तपासणी झालीय. शुक्राणू एका मिलिलिटरमागं १ कोटी ६० लाखाच्या वर असावेत असं जागतिक आरोग्य संघटनेचं माप आहे, माझे ९० लाख आलेत आणि त्यांची हालचाल पण कमी आहे. शुक्राणू तयार होतात तिथल्या डाव्या बाजूच्या शिरा फुगल्यात, त्याला व्हेरिकोसिल म्हणतात. शिवाय ती जागा अंगापेक्षा दोन-तीन अंश थंड लागते आणि मी शिरोलीत फाउंड्रीत दिवसभर भट्टीपुढं उभा असतो, त्याचाही भाग असू शकतो म्हणाले. सुपरवायझरशी बोलून काम बदलून घेतलंय. नवीन शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात त्यामुळं परत रिपोर्ट तीन महिन्यांनी, आणि ऑपरेशन करायचं का नाही ते त्यानंतर. बाबा, तुम्ही हे मनाला लावून घेऊ नका. मूल होत नाही अशा जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण असतंच, कधी एकट्याचं कधी दोघांचं मिळून. आणि तुम्ही ते ताकदीचं चूर्ण पाठवलंत ते मी घेत नाहीये, त्यात नक्की काय आहे कुणालाच माहीत नाही आणि ताकदीच्या नावाखाली बाहेरून हार्मोन पोटात गेलं तर शुक्राणू उलटे कमी होतात.

हिच्याकडचं अजून बघायचंय. लहानपणी हिचं अपेंडिक्स फुटलं होतं, अशा वेळी पोटात चिकटून नळ्या अडकू शकतात, म्हणून पिशवीत डाय सोडून एक्स-रे काढायचाय, एचएसजी. टीबीचं पण विचारलं, आपल्याकडं पिशवीचा नळ्यांचा टीबी होतो आणि बऱ्याचदा खोकला ताप काहीच नसतं. आणि आई, पाळीत ही दोन दिवस आडवी होते तेव्हा तू म्हणायचीस सगळ्याच बायकांना दुखतं, पण एवढं दुखणं एन्डोमेट्रिओसिसचं, म्हणजे पिशवीच्या अस्तरासारखं अस्तर पिशवीबाहेर वाढतं त्याचं असू शकतं, पाळी एकदम नियमित असली तरी. थायरॉइड वगैरे नॉर्मल आहे. वय ३३ आहे, पस्तिशीनंतर बीजं झपाट्यानं कमी होतात म्हणून आता थांबायचं नाहीये. काहींचे तर सगळे रिपोर्ट चांगले येतात आणि तरी कारण सापडत नाही.

पण मला खरं बोलायचंय ते वेगळंच. ताईच्या डोहाळजेवणाला हिनं ओटीचं ताट हातात घेतलेलं, आत्यानं तिच्या हातातून काढून दुसऱ्या सुनेला दिलं, आणि तुम्ही दोघं तिथंच होतात. ही मागं जाऊन ताटं घासत बसली. घरी आल्यावर एक शब्द बोलली नाही. माझा रिपोर्ट हिनं कुणाला सांगितला नाही, माहेरी सुद्धा नाही, सगळं स्वतःवर घेतलं. मला हे चालणार नाही. आत्याला, मावशीला, जो विचारेल त्याला सांगा की दोघांची ट्रीटमेंट चालू आहे, माझं नाव घेऊन सांगा. हिला निर्जळी उपवास सांगू नका, आणि दर महिन्याला "काही आहे का" विचारू नका.

पुढं आययूआय, म्हणजे शुक्राणू बारीक नळीनं थेट पिशवीत सोडतात ते, नाहीच जमलं तर टेस्ट ट्यूब. घाबरायचं काही नाही, मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांनी १९८६ सालीच ते केलंय. पैशाचं मी बघतो, जमीन विकायचं डोक्यात आणू नका.

एचएसजी पाळी सुरू झाल्यापासून आठव्या-नवव्या दिवशी असेल, तारीख कळवतो. मी सुट्टी टाकलीय, पण नंतर पोटात दुखतं म्हणे. आई, तू दोन दिवस येऊन राहशील का? हिला मी अजून विचारलं नाहीये, तूच फोन करून विचार.

तुमचा,
बंड्या