ओहोटीची सकाळ दिल्याबद्दल: वरळी कोळीवाड्यातील मावशींना पत्र

तीर्थस्वरूप मावशींस,
साष्टांग नमस्कार.

वि. वि. आमचा नृत्यपट पूर्ण झाला आणि महाविद्यालयात परीक्षकांसमोर दाखवलाही गेला, हे तुम्हाला घरी येऊन सांगितले आहेच. तरीही हे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे. श्रेयनामावलीत माझे नाव घालू नका, असे तुम्ही बजावले होते आणि आम्ही ते पाळले. त्यामुळे पडद्यावर जे दिसते त्यातले किती तुमच्यामुळे आहे, हे पाहणाऱ्या कोणालाच कळणार नाही. तुमचे नाव इथेही लिहिलेले नाही. तुम्ही केलेले काम लिहायला मात्र तुमची हरकत नसेल, असे धरून चालते.

मी भरतनाट्यम शिकते. शेवटच्या वर्षी आम्हा विद्यार्थ्यांना मंचाबाहेर, एखाद्या खऱ्या जागी जाऊन कॅमेऱ्यासाठी नृत्यरचना करायची होती. मी प्रोषितभर्तृका निवडली होती. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात सांगितलेल्या आठ नायिकांपैकी ही एक. कामानिमित्त दूर गेलेल्या पतीच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली स्त्री. मुंबईत राहून ही नायिका करायची तर समुद्राकडे पाठ फिरवून ती करता येणार नाही, असे मला मनापासून वाटत होते, आणि म्हणून आम्ही वरळीच्या किल्ल्यामागच्या खडकांवर आलो. त्या खडकांवर तुम्ही कालवे, म्हणजे खडकाला चिकटलेले खाण्याचे शिंपले, काढत होता.

चित्रीकरणासाठी कोणता दिवस धरावा, हे आम्ही तुम्हाला विचारले. भरती-ओहोटीच्या वेळा मोबाइलवर मिळतात आणि त्या आमच्याकडे होत्या. परंतु कोणता खडक किती वाजता उघडा पडतो आणि कोणत्या बाजूने आधी वेढला जातो, हे कोणत्याही तक्त्यात लिहिलेले नसते. तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची वेळ ढोबळमानाने निघते, हा हिशेब तुम्ही बोटांवर करून दाखवलात. अमावास्येनंतरच्या बीजेला दीडच्या सुमारास पूर्ण भरती, म्हणजे त्याआधी साधारण सव्वासहा तास, सव्वासातच्या आसपास, पाणी सर्वांत खाली. जानेवारीत मुंबईत सूर्यही साधारण त्याच वेळी उगवतो. शिवाय उधाणाचे दिवस असल्याने ओहोटीही तितकीच खोल जाते आणि एरवी पाण्याखाली राहणारा सपाट खडक मोकळा होतो. आमच्या कॅमेरा सांभाळणाऱ्या मित्राला तुम्ही आणखी एक गोष्ट सांगितली होती: हिवाळ्यात सूर्य त्या उंच इमारतींच्या बाजूने वर येतो, त्यामुळे खडकावर बराच वेळ त्यांची सावली असते आणि ऊन थेट पडत नाही. चेहऱ्यावरचा अभिनय टिपायला असा मऊ, सारखा उजेडच लागतो. कॅमेऱ्याशी तुमचा काही संबंध नसताना, त्या जागेवर रोज डोळे उघडे ठेवून काम केल्यामुळे तुम्हाला हे ठाऊक होते.

चित्रीकरणाचा क्रम तुमच्यामुळे ठरला, ही गोष्ट तर आमच्या प्रकल्पाच्या वहीत मी वेगळ्या पानावर लिहून ठेवली आहे. एरवी आधी लांबची दृश्ये घेतात, मग जवळची, आणि संकलनाच्या वेळी ती कथेच्या क्रमाने जोडतात. समुद्राच्या काठी ही पद्धत चालत नाही. एकाच अडवूचे, म्हणजे हातापायांच्या मूळ हालचालीचे, लांबचे दृश्य सव्वासातला घेतले आणि पावलांचे जवळचे दृश्य नऊ वाजता घेतले, तर तेवढ्यात मागचे पाणी गुडघाभर वर आलेले असते आणि दोन्ही तुकडे शेजारी ठेवले की नाच एका ठिकाणचा वाटतच नाही. सगळे पाण्याच्या क्रमाने घ्या, असे तुम्ही म्हणालात. त्याप्रमाणे आम्ही रचनाच पुन्हा बांधली: नायिकेचा खडकाच्या टोकापर्यंतचा प्रवास ओहोटी संपत असताना, तिचे थांबणे पाणी स्थिर असताना आणि तिचे मागे सरकणे पाणी चढू लागल्यावर. भरती पहिल्या तासात हळू चढते आणि तिसऱ्या-चौथ्या तासात सर्वांत वेगाने. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आपण समोरच्या लाटांकडे पाहत असताना मागचा चर आधी भरतो आणि परतीची वाट बंद होते. परतताना पावले कुठे पडली पाहिजेत हे तुम्ही आधीच चालून दाखवले होते आणि नऊच्या आत सर्वांनी खडकावरून उतरायचे, ही अट घातली होती. समुद्रकाठी चित्रीकरण करू पाहणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने हे वाक्य वाचावे अशी माझी कळकळीची इच्छा आहे, कारण कॅमेऱ्याच्या चौकटीत पाहणाऱ्या माणसाला चौकटीबाहेरचे पाणी दिसत नाही.

आता पावलांविषयी. भरतनाट्यमचा पाया अरमंडी आणि तट्टडवु. गुडघे बाहेर वळवून अर्धे बसायचे आणि संपूर्ण तळवा जमिनीवर आपटायचा. वर्षानुवर्षे लादीवर आणि लाकडी मंचावर हे केल्यावर जमीन आपल्याला उलट उत्तर देते याची पायाला सवय होते. कालवांच्या धारदार कडा असलेल्या खडकावर अनवाणी तळवा आपटणे शक्यच नव्हते, आणि शेवाळ धरलेल्या भागावर तर उभे राहणेही कठीण होते. तुम्ही मला हिरवा ओला खडक, काळा खरबरीत खडक आणि कालवांचा पांढरट खडक यांतला फरक शिकवलात. आधी वजन मागच्या पायावर ठेवून पुढच्या पायाने चाचपायचे, पाऊल धरले आहे याची खात्री झाली की मगच अंग पुढे न्यायचे, हे तुमचे चालणे मी कितीतरी वेळ तुमच्या मागून पाहत होते. माझ्या गुरूंना ते करून दाखवल्यावर त्यांनी ते तसेच रचनेत घ्यायला सांगितले. आता त्या भागात पदाघात जवळजवळ नाहीत. आदितालाच्या आठ मात्रांपैकी पहिल्या चार चाचपण्यात जातात आणि उरलेल्या चारांत वजन सरकते. परीक्षकांनी विशेष उल्लेख केला तो याच भागाचा. त्यांना मी तेव्हाच सांगितले की ही चाल वरळीच्या एका कालवे काढणाऱ्या मावशींची आहे.

वाऱ्यामुळे आणि लाटांमुळे स्पीकरवरचे नट्टुवांगम, म्हणजे झांजांचा ताल आणि बोल, ऐकूच येत नव्हते. माझी मैत्रीण चौकटीबाहेर उभी राहून हाताने ताल धरत होती, एक टाळी आणि तीन बोटे, मग टाळी आणि उलटा हात दोनदा, आणि मी तिच्या हाताकडे पाहून नाचत होते. एवढे सांगून पुढे जाते, कारण मला लिहायचे आहे ते अभिनयाविषयी.

परंपरेत प्रोषितभर्तृकेचे केस मोकळे असतात. शृंगारातून मन उडाल्याची ती खूण. मी तशीच उभी राहिले होते, केस सोडून, एक हात कपाळाशी धरून, क्षितिजाकडे पाहत. तुम्ही काही वेळ पाहिलेत आणि मग जे बोललात ते मला शब्दशः आठवत नाही, पण त्याचा अर्थ असा होता की होडी बाहेर गेलेली असताना घरातली बाई अशी उभी राहत नाही. तिला तेवढा वेळ नसतो. मासळी निवडायची असते, सुकवायची असते, बाजार गाठायचा असतो, आणि समुद्रावरच्या वाऱ्यात केस सोडून कोणी कामाला लागत नाही. वाट पाहणे सगळे त्या कामाच्या आत चालू असते. काम करताना तुमचा हात मध्येच एक क्षण थांबतो आणि पुन्हा चालू लागतो, हे त्यानंतर माझ्या लक्षात आले. मी शास्त्राचा आदर करते आणि यापुढेही करीन. मंचावर करताना ही नायिका मी मोकळ्या केसांचीच करीन. परंतु त्या खडकावर तुमचे म्हणणे खरे होते. मी अंबाडा घट्ट बांधला. हस्तमुद्रा त्याच राहिल्या, फक्त त्यांना काम मिळाले: निवडणे, झटकणे, पसरवणे, आणि त्यात एकदाच, सातव्या मात्रेवर, हात थांबतो. संपूर्ण नृत्यपटात विरह दाखवणारी एवढी एकच जागा आहे आणि ती पुरते.

तंजावरच्या सरफोजीराजांनी नृत्यासाठी मराठीत निरूपणे, म्हणजे एका विषयावर गुंफलेल्या नृत्यरचना, रचली आणि मुंबईत आचार्य पार्वतीकुमार यांनी त्यांचा अभ्यास करून ती पुन्हा मंचावर आणली, हे आम्हाला शिकवले जाते. भरतनाट्यमशी मराठीचे नाते इतके जुने आहे याचा मला अभिमान वाटतो. पण मराठी भाषेतले नृत्य आणि मराठी माणसांच्या श्रमांचे नृत्य यांत अंतर असू शकते, हे त्या सकाळपर्यंत माझ्या मनात कधी आले नव्हते. शाळेच्या स्नेहसंमेलनात भाड्याचा कोळी पोशाख घालून आम्ही सगळ्यांनीच नाच केलेला असतो. इथेही तसाच पोशाख आणावा का, असे मी विचारले तेव्हा, ज्या साडीत रोज सराव करतेस तीच नेस, असे तुम्ही सांगितले. त्यामुळे नृत्यपटातली मुलगी कोळीण असल्याचा आव आणत नाही. ती कोळीवाड्यात शिकायला आलेली आहे, हे तिच्या कपड्यांवरूनही दिसते.

पुलाच्या बाबतीतही तुमचाच सल्ला मानला. २००९ साली सुरू झालेला वांद्रे-वरळी सागरी सेतू त्या खडकांवरून समोरच दिसतो आणि आमच्यातल्या काहींना तो चौकटीत नको होता, कारण नायिका जुन्या काळातली. तुम्ही म्हणालात की आमच्या दारातून तो रोज दिसतो, मग तुमच्याच चित्रात का नको? या सेतूला जोडलेल्या सागरी किनारा मार्गाच्या खांबांमधून होड्या सुरक्षित जाव्यात म्हणून इथल्या मच्छीमारांनी दीर्घकाळ लढा दिला आणि खांबांमधले ६० मीटरचे नियोजित अंतर १२० मीटर करून घेतले, हेही त्याच दिवशी तुमच्या घरी बसून ऐकले. होडी परतण्याची वाट पाहणारी स्त्री आणि ती होडी ज्या खांबांमधून यायची ते खांब, हे दोन्ही एकाच चौकटीत असणे आता मला अगदी योग्य वाटते.

जागा पाहताना विद्यार्थी उजेड, आवाज आणि परवानगी यांचा विचार करतात. मुलींच्या गटाला आणखी दोन गोष्टी लागतात, कपडे बदलायला बंद दार आणि स्वच्छतागृह, आणि त्या मिळाल्या नाहीत तर मुली तहान मारून काम करतात. तुम्ही पहाटे सहाला घराचे दार उघडलेत. सोसायटीच्या कार्यालयात आमच्यासाठी शब्द टाकलात, आणि किनाऱ्यावर बघ्यांची गर्दी जमू लागली तेव्हा तुम्ही नुसत्या तिथे येऊन उभ्या राहिलात, तेवढ्याने ती पांगली. परतल्यावर खाऱ्या पाण्याने घुंगरांचा पट्टा खराब होईल म्हणून तुम्ही हंड्यातले गोडे पाणी काढून दिलेत. वस्तीत पाणी ठरावीक वेळी येते आणि तो हंडा दिवसभरासाठी भरलेला होता, हे मी पाहिले होते.

एक गोष्ट मात्र मला नंतर उमगली आणि हे पत्र खरे तर तिच्यासाठी आहे. जी ओहोटी आमच्या चित्रीकरणासाठी सर्वांत चांगली होती, तीच कालवे काढण्यासाठीही सर्वांत चांगली होती. उधाणाच्या दिवसांत जो खालचा खडक उघडा पडतो, तिथलीच कालवे मोठी असतात, आणि तो खडक महिन्यातून मोजकेच दिवस काही तास हाती लागतो. त्यातली एक सकाळ तुम्ही आमच्या पावलांवर लक्ष ठेवण्यात घालवलीत आणि तुमचा डबा अर्धाही भरला नाही. पैशांचा विषय काढला तेव्हा तुम्ही तो पुढे जाऊ दिला नाही. तुमच्या नकाराचा मान राखते, परंतु ती सकाळ फुकट मिळालेली नव्हती, तिची किंमत तुम्ही मोजलीत, हे चारचौघांत लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते. त्याबद्दल मी आणि माझे सर्व सहकारी तुमचे अंतःकरणपूर्वक आभारी आहोत.

आता एक विनंती. नृत्यपट तुम्ही अजून मोबाइलच्या लहान पडद्यावरच पाहिला आहे. तो कोळीवाड्यात, तुमच्या शेजारणींसह, मोठा करून दाखवावा अशी आमची इच्छा आहे. प्रोजेक्टर आणि पडदा आम्ही घेऊन येऊ. अष्टमीच्या सुमारास, भांगाचे पाणी असताना, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी असताना, खालचा खडक उघडा पडत नाही आणि तुमच्या कामाचा खोळंबा होणार नाही, असा माझा हिशेब आहे. तो बरोबर असेल तर त्या आठवड्यातली तुम्हाला सोयीची संध्याकाळ कळवावी.

घरातील सर्वांना नमस्कार.

तुमची नम्र,
भरतनाट्यमची एक विद्यार्थिनी
मुंबई