मानसशास्त्राचा इतिहास १८७९ वर थांबत नाही

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

वृत्तपत्रीय लेखांत मानसशास्त्राचा इतिहास बहुधा एका वाक्यात उरकला जातो: विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये लाइपझिग विद्यापीठात प्रयोगशाळा उभारली आणि मानसशास्त्र तत्त्वज्ञानापासून वेगळे झाले. यात चूक काही नाही. मात्र ही शास्त्राच्या जन्माची हकिगत झाली, व्यवसायाची नव्हे. सामान्य वाचकाचा संबंध येतो तो बुद्धी अथवा स्वभाव मोजणारी चाचणी आणि समुपदेशन यांच्याशी, आणि त्यांचा इतिहास ठाऊक नसल्यामुळे चाचणीतून निघणाऱ्या आकड्यावर वाजवीपेक्षा फार अधिक विश्वास टाकला जातो, असे हा विषय दीर्घकाळ शिकवल्यानंतर माझे ठाम मत झाले आहे.

वुंट यांच्या प्रयोगशाळेचे मोल कमी लेखण्याचा यात हेतू नाही. त्याआधी १८५० मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या मज्जातंतूतून संदेश सेकंदाला सुमारे २७ मीटर वेगाने जातो, हे मोजून दाखवले. तोवर हा वेग मोजता येणेच अशक्य, अशी समजूत होती. पुढे १८६८ मध्ये डच शास्त्रज्ञ डॉन्डर्स यांनी निवड करून दिलेल्या प्रतिसादाच्या वेळेतून साध्या प्रतिसादाची वेळ वजा केली आणि निवडीला किती वेळ लागतो, याचा अंदाज बांधला. लाइपझिगमध्ये सेकंदाचा हजारावा भाग दाखवणाऱ्या कालमापकावर हेच काम शिस्तीने सुरू झाले. तेथे प्रयोग करणारा आणि ज्याच्यावर प्रयोग होतो तो, या भूमिका आलटूनपालटून घेतल्या जात आणि स्वतः वुंटही निरीक्षण देण्यासाठी बसत.

त्यांचेच विद्यार्थी लाइटनर विटमर यांच्याकडे अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्च १८९६ मध्ये एका शिक्षिकेने शुद्धलेखन काही केल्या न जमणारा मुलगा आणला. मानसशास्त्राला खरोखर काही कळत असेल, तर अशा मुलाला त्याचा उपयोग झालाच पाहिजे, अशी विटमर यांची भूमिका होती. तपासणीत मुलाच्या दृष्टीत दोष आढळला. चष्मा देण्यात आला आणि त्यासोबत शिकवणीही सुरू झाली. त्याच वर्षी सुरू झालेले विटमर यांचे चिकित्सालय जगातील पहिले मानसशास्त्रीय चिकित्सालय मानले जाते. मला या घटनेत महत्त्वाचे वाटते ते हे, की त्या मुलावर कोणताही शिक्का न मारता अडचण नेमकी कोठे आहे, ते शोधले गेले.

फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यांची दृष्टीही हीच होती. थिओडोर सिमाँ यांच्यासह १९०५ मध्ये त्यांनी तयार केलेली चाचणी शाळेत वेगळ्या मदतीची गरज असलेली मुले ओळखण्यासाठी होती, आणि बुद्धी ही जन्मतः ठरलेली व न वाढणारी गोष्ट आहे, या मताला त्यांनी स्पष्ट विरोध केला होता. १९११ मध्ये बिने यांचे निधन झाले. १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि सुमारे १७ लाख सैनिकांच्या बुद्धिमत्तेच्या चाचण्या घेण्यात आल्या. इंग्रजी वाचता न येणाऱ्यांसाठी चित्रांची वेगळी चाचणी होती. तिच्यात जाळी नसलेले टेनिसचे मैदान किंवा कर्णा नसलेला फोनोग्राफ दाखवून काय राहिले आहे, ते ओळखायचे असे. या वस्तू कधी पाहिल्याच नाहीत, अशा स्थलांतरितांची बुद्धी अशा प्रश्नांनी मोजली गेली! अमेरिकेत जितकी वर्षे अधिक काढली, तितके गुण वाढत गेल्याचे त्याच आकडेवारीत दिसत होते. तरीही अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्रिगहॅम यांनी १९२३ मध्ये, अलीकडच्या काळात आलेले स्थलांतरित हीन वंशाचे आहेत, असा त्याचा अर्थ लावला. १९३० मध्ये त्यांनी हे निष्कर्ष जाहीरपणे मागे घेतले खरे, पण तोवर ते सर्वदूर पोहोचले होते. व्यवसाय शास्त्राच्या पुढे धावला की काय होते, हे येथे दिसते.

दुसऱ्या महायुद्धानंतर माघारी आलेल्या सैनिकांच्या उपचारांसाठी मनुष्यबळ कमी पडू लागले, तेव्हा हा व्यवसाय झपाट्याने वाढला. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाने संशोधक आणि उपचारक या दोन्ही नात्यांनी शिक्षण घेतले पाहिजे, असे १९४९ मध्ये अमेरिकेत बोल्डर येथे झालेल्या परिषदेत ठरले. त्या निर्णयामागची गरज अद्याप संपलेली नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सामूहिक प्रकल्पात मानसशास्त्रातील १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले, तेव्हा सांख्यिकीयदृष्ट्या लक्षणीय, म्हणजे निव्वळ योगायोग म्हणून सहज सोडून देता न येणारा, निष्कर्ष सुमारे ३६ टक्केच अभ्यासांत मिळाला. मला हा आकडा शास्त्राच्या नामुष्कीचा वाटत नाही, कारण तो शोधून जाहीर करणारे मानसशास्त्रज्ञच होते.

म्हणून आपणांस विनंती आहे, की बुद्धी अथवा स्वभाव मोजण्याचा दावा करणारी कोणतीही चाचणी छापताना ती कोणत्या वयाच्या व भाषेच्या लोकांसाठी तयार केली गेली, कशासाठी केली गेली आणि तिची पडताळणी झाली आहे का, एवढी माहिती तिच्याखालीच द्यावी. ती मिळत नसेल, तर चाचणी छापू नये.

कळावे,

आपला,
मानसशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक